घाडींच्या घरातला मदरबोर्ड

माझ्या दुकानात मदरबोर्ड घ्यायला आलेला माणूस आधी रंग सांगतो. काळा हवा, पांढरा हवा, किंवा कडेने दिवे लागणारा हवा. पूर्वी मी सांगत असे, की कॅबिनेटचं झाकण लावल्यावर बोर्ड कुणालाच दिसत नाही. आता काचेच्या झाकणाची कॅबिनेटं आली आहेत, त्यामुळे तेही सांगता येत नाही.

दादरला स्टेशनच्या पश्चिमेला एका जुन्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर माझं दुकान आहे. तयार कॉम्प्युटर मी विकत नाही. सुटे भाग आणतो, जोडतो, तपासतो आणि देतो. अलीकडे यातलं बरंचसं काम ओव्हरक्लॉकिंगचं असतं. ज्यांचा या शब्दाशी संबंध आलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. प्रोसेसर कारखान्यातून निघतो तेव्हा त्याचा वेग ठरवून दिलेला असतो. ठरवणारे सावध असतात, त्यामुळे वर थोडी जागा शिल्लक राहते. ती जागा वापरून प्रोसेसर ठरल्यापेक्षा जास्त वेगाने चालवायचा, याला ओव्हरक्लॉकिंग म्हणतात. हा गुन्हा नाही. वॉरंटीच्या कागदावर मात्र त्याविषयी चांगलं लिहिलेलं नसतं.

वेग वाढवला की प्रोसेसर जास्त वीज मागतो, आणि ती त्याला मदरबोर्डने द्यायची असते. नुसती देऊन भागत नाही. ती एकाच दाबाने, न थरथरता, तासन्‌तास द्यावी लागते. हे काम प्रोसेसरच्या शेजारी ओळीने बसवलेले छोटे चौकोनी भाग करतात. बाजारात त्यांना फेज म्हणतात. खोक्यावर सोळा फेज लिहिलेले असतात आणि वरचं आवरण काढून पाहिलं तर आठच निघतात, प्रत्येक दोनदा मोजलेला. हे भाग तापतात. उष्णता काढून घेण्यासाठी त्यांच्यावर धातूचा ठोकळा असतो. काही बोर्डांवर ठोकळ्याच्या जागी ठोकळ्यासारखं दिसणारं प्लास्टिक असतं. मी नखाने टिचकी मारून बघतो. आवाजावरून कळतं.

लोकांना वाटतं, चांगला बोर्ड म्हणजे जास्तीत जास्त वेग देणारा. तसा वेग पाच मिनिटं कुठलाही बोर्ड देतो. माझ्या हिशेबी चांगला बोर्ड म्हणजे पहिल्या तासाला जे देतो तेच विसाव्या तासाला देणारा. म्हणून दुकानातून बाहेर पडण्याआधी प्रत्येक मशीन चोवीस तास पूर्ण ताकदीने चालवायचं, तापमान लिहून ठेवायचं, मग थंड करून दहा वेळा बंद-चालू करायचं, असा माझा नियम आहे. गिऱ्हाइकं कंटाळतात. हिंदू कॉलनीतले एक निवृत्त गृहस्थ मात्र कधी कंटाळले नाहीत. ते दर दोन महिन्यांनी मशीन घेऊन येत आणि वेग अजून थोडा वाढवून मागत. शेवटी मी विचारलं, "एवढ्या वेगाचं करता काय?"

"पत्ते खेळतो."

"पत्त्यांना एवढा वेग लागत नाही."

"लागतो असं मी म्हटलं का? बोर्डात आहे ना? मग पडून का राहू द्यायचा?"

त्यांचा बोर्ड मीच निवडलेला होता, त्यामुळे मला वाद घालता आला नाही.

मिलिंद घाडीचं तसं नव्हतं. त्याला वेग खरोखर लागत होता.

मिलिंद लालबागचा. वय चाळिशीच्या अलीकडे. चाळीत तिसऱ्या मजल्यावर दहा बाय बाराची खोली, तो आणि आई. वडील गिरणीत होते, ते गेले. अंधेरीच्या एका अॅनिमेशन कंपनीत त्याने दहा वर्षं काढली होती. कंपनीने तो विभागच बंद केला आणि मिलिंद आठ महिने घरी होता. आता एका आर्किटेक्टच्या ऑफिसने त्याला परीक्षा म्हणून एक काम दिलं होतं: अजून न बांधलेल्या एका टॉवरची तीन मिनिटांची फिल्म. कॅमेरा गेटमधून आत येतो, लिफ्टने वर जातो, फ्लॅटमधून फिरतो. अशी फिल्म मिलिंद आधी कॉम्प्युटरवर रचतो आणि मग प्रोसेसर तिची एकेक चौकट रंगवून काढतो. या रंगवण्याला रेंडर म्हणतात, आणि त्यात दिवस जातात. परीक्षा आणखी दोघांची होती. फिल्म ठरलेल्या दिवशी संध्याकाळी पाचपर्यंत पोहोचली आणि पसंत पडली तर वर्षभराचं काम मिळणार होतं. तो दिवस गणपतीतला तिसरा दिवस होता.

तो माझ्याकडे यादी घेऊन आला. यादीतल्या बोर्डाला अकरा ठिकाणी दिवे होते. मी तो बाजूला ठेवला आणि दुसरा काढून दाखवला. राखाडी, बिनदिव्यांचा, प्रोसेसरच्या दोन बाजूंना खऱ्या धातूचे जड ठोकळे असलेला.

"साधा दिसतो, काका."

"बघायचाय की चालवायचाय?"

"चालवायचाय. बघणार आई. ती दिवसभर घरी असते."

"आईंना दिवे आवडतात?"

"नाही. तिला तो कोपऱ्यातला डबाच आवडत नाही." मग तो म्हणाला, "काका, मध्येच बंद पडला तर काम जाईल माझं."

"हा बंद पडणार नाही," मी म्हणालो.

हे वाक्य मी तोपर्यंत कुठल्याही गिऱ्हाइकाला बोललो नव्हतो. नंतरही बोललेलो नाही.

माझ्याकडे प्रश्नांचा एक छापील कागद आहे. कोणतं सॉफ्टवेअर, रोज किती तास, घरातली वीज कशी आहे, पंख्याचा आवाज चालेल का. मिलिंदने सगळा भरून दिला. मी मशीन जोडलं, वेग वाढवला, चोवीस तास चालवलं. दुकानात एसी आहे. बोर्डाच्या त्या चौकोनी भागांचं तापमान अडुसष्ट अंशांवर गेलं आणि तिथेच थांबलं. ते मी वहीत लिहिलं आणि खाली रेघ ओढली.

चतुर्थीला दुकान बंद होतं. मी गिरगावात भावाकडे होतो. पानावर बसलो तोच मिलिंदचा फोन आला.

"काका, मशीन बंद पडतंय. तासाभराने आपोआप."

"सेटिंग हलवलं असशील."

"हात लावलेला नाही."

"मग रॅम सैल झाली असेल. कॅबिनेट उघड आणि दाबून बघ."

"आता उघडता नाही येणार."

का, हे मी विचारलं नाही. मोदक गार होत होते आणि वहीत अडुसष्ट लिहिलेलं होतं.

संध्याकाळी पुन्हा फोन. मशीन आणखी तीनदा बंद पडलं होतं. तो थंड होऊ देत होता, चालू करत होता. झालेल्या चौकटी शाबूत होत्या, पण काम पुढे सरकत नव्हतं. मी सॉफ्टवेअरवर संशय घेतला, मग चाळीतल्या विजेवर, मग पुन्हा त्याच्यावर. "तू नक्की काहीतरी बदललंयस, मिलिंद. चोवीस तास चालवून दिलेलं मशीन आहे ते." तो म्हणाला, "असेल काका, बघतो." त्याचा स्वर वर गेला नाही. गेला असता तर मी कदाचित लवकर विचार केला असता.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिसरा फोन आला. या वेळी त्याच्या बोलण्यामागे झांजा होत्या, आणि इतक्या जवळ की शब्द तुटत होते.

"कुठे आहेस तू?"

"घरीच. चाळीतले आरतीला आलेत."

"गणपती कुठे बसवलाय?"

"टेबलावर."

"कुठल्या टेबलावर?"

"आमच्याकडे एकच टेबल आहे, काका."

"आणि कॉम्प्युटर?"

"टेबलाखाली," मिलिंद म्हणाला. "दरवर्षी तिथेच असतो."

मी थर्मामीटर पिशवीत टाकला आणि निघालो. ज्यांना गणपतीतलं लालबाग माहीत आहे त्यांना दादरहून तिथे जाण्याचं वर्णन नको, आणि ज्यांना माहीत नाही त्यांना ते खरं वाटणार नाही. परळपासून पुढे मी ज्या रांगेत होतो ती एका मंडळाच्या दर्शनाची आहे हे मला अर्ध्या तासाने कळलं. तिच्यातून बाहेर पडायला पाव तास लागला, कारण मागच्यांचा विश्वास बसत नव्हता.

खोलीत शिरलो तेव्हा एक वाजत आला होता. भिंतीला लागून टेबल, टेबलावर चौरंग, चौरंगावर दीड फुटांची मूर्ती आणि वर माटवी, म्हणजे कोकणात गणपतीवर फळं आणि रानातली पानं टांगायची लाकडी चौकट. टेबलाच्या तिन्ही बाजूंना लाल मखमलीचा पडदा जमिनीपर्यंत. पुढे पाच पायऱ्यांची आरास. सजावटीसाठी खास दिवा गावाहून आलेल्या मिलिंदच्या भावाने ती केली होती. दुपारी तो बाजूच्या खोलीत झोपला होता. मॉनिटर खाटेवर उशीला टेकवलेला, कीबोर्ड मिलिंदच्या मांडीवर.

मी पडदा उचलला. कॅबिनेट ज्या बाजूने हवा आत घेतं तिथे पायऱ्या होत्या. ज्या बाजूने बाहेर सोडतं तिथे भिंत होती. सोडलेली गरम हवा मखमलीला लागून परत फिरत होती आणि कॅबिनेट तीच पुन्हा आत घेत होतं. पडद्याच्या आतल्या अंगाला थर्मामीटर धरला. एक्कावन्न. मॉनिटरवर बोर्डाचा आकडा पाहिला. एकशे चार. एकशे दहाला हा बोर्ड स्वतःला बंद करतो. काल दिवसभर तो तेच करत होता, आणि बरोबर करत होता. मी काढून ठेवलेला अकरा दिव्यांचा बोर्ड या जागी जळाला असता, असं मला वाटतं. ते तिथे कुणाला सांगण्यात अर्थ नव्हता.

"कॅबिनेट बाहेर काढ," मी म्हणालो.

"नाही निघणार. पायऱ्या त्याच्यावर टेकवल्यात."

"म्हणजे?"

"भावाला आधार मिळत नव्हता. कॅबिनेटची उंची बरोबर आली. ते ओढलं की पायऱ्या येणार. वरची पायरी चौरंगाला बांधलीय, म्हणजे चौरंग येणार."

"आणि चौरंगाबरोबर..."

"तां तोंडातून काढू नकात," मिलिंदची आई म्हणाली. त्या मोरीपाशी नारळ खवत बसल्या होत्या. सत्तरीच्या, बारीक, आवाज खणखणीत. "पूजा झाली. आता पाच दिवस बाप्पा हलूचो नाय. तुमची मशीन काय ती तुमी बघा."

मी कागद घेतला. वाढवलेल्या वेगाने उरलेलं काम सव्वीस तासांचं होतं. कारखान्याने ठरवलेल्या वेगाने एकतीस तासांचं. पाच वाजायला अठ्ठावीस तास होते. वेग तसाच ठेवला तर मशीन बंद पडणार होतं आणि कारखान्याचा वेग ठेवला तर काम वेळेत होणार नव्हतं. या दोहोंच्या मधे कुठेतरी अगदी अरुंद जागा होती.

"काकी, पडदा दोन बाजूंनी काढावा लागेल," मी म्हणालो. "आतलं सगळं दिसेल. वायरी, डबा, सगळं."

त्यांनी खवणी बाजूला सारली. "लोकांका काय? ते बाप्पाक बघूक येतत, टेबलाखाली कोण बघता?" आणि स्वतःच टाचण्या काढल्या.

शेजारून टेबलफॅन आणला. तो खिडकीच्या बाजूने टेबलाखाली लावला, तेव्हा समई फडफडायला लागली. समई पाच दिवस विझू द्यायची नसते. फॅन आणखी खाली केला तर हवा पायरीला आपटत होती, वर केला तर ज्योत आडवी होत होती. काकींनी समई दुसऱ्या कोपऱ्यात नेली आणि पोह्यांच्या डब्याचं झाकण तिच्यापुढे उभं केलं. मग मी वेग उतरवायला बसलो. एक पायरी उतरवायची, दहा मिनिटं थांबायचं, आकडा बघायचा, विजेचा दाब किंचित कमी करायचा, पुन्हा थांबायचं. तिसऱ्या पायरीवर आकडा शहाऐंशीवर स्थिर झाला. या वेगाने काम सत्तावीस तासांत होणार होतं आणि उतरवण्यात एक तास गेला होता. म्हणजे पाचला शून्य मिनिटं शिल्लक. वर पाठवायला लागेल तो वेळ वेगळा. मी दाब आणखी थोडा घटवला, वेग अर्धी पायरी चढवला. अठ्ठ्याऐंशी. वीस-पंचवीस मिनिटं हाताशी आली.

"मिलिंद, हे काल दुपारीच विचारायला हवं होतं मी. एक दिवस माझ्यामुळे गेला."

"मी तरी कुठे सांगितलं, काका? मला त्यात सांगण्यासारखं काही वाटलंच नाही. आधीचा कॉम्प्युटर तिथेच असायचा, कधी बंद पडला नाही."

आधीचा कॉम्प्युटर बैलगाडीच्या वेगाने चालणारा होता. तो तापण्याचं कारण नव्हतं.

"तुमी इचारल्यात नाय, तेणां सांगल्यान नाय," काकी म्हणाल्या. "आता चाय घेवा."

मी खाटेवर बसून राहिलो. मॉनिटरवर टॉवरच्या चौकटी एकेक करून उमटत होत्या. तेराव्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये देवघरासाठी वेगळी खोली होती. तिला खिडकी होती आणि आत गणपतीसाठी संगमरवरी ओटा होता.

"या फ्लॅटमध्ये कॉम्प्युटर कुठे ठेवायचा?" मी मिलिंदला विचारलं.

"स्टडी वेगळी आहे. तिथे एसी आहे."

साडेसातला आरती होती. चाळीत प्रत्येक घरच्या आरतीला सगळे जातात. एका खोलीत संपली की लोंढा पुढच्या खोलीत. सकाळीही आरतीच्या वेळेलाच मशीन बंद पडलं होतं, याचा अर्थ तेव्हा माझ्या लक्षात आला. दहा बाय बारात पंचवीस माणसं, कापूर, धूप, दार माणसांनी भरलेलं. एकदा बंद पडलं की थंड होऊन पुन्हा सुरू व्हायला अर्धा तास जातो. आमच्याकडे पंचवीस मिनिटं होती. मिलिंदच्याही ते लक्षात आलं असावं. आईने बोलवलेल्या लोकांना तो नको म्हणू शकत नव्हता आणि मला तर तिथे बोलण्याचा अधिकारच नव्हता. मी एवढंच सांगितलं, "काकी, आता खोलीत गर्दी झाली तर मशीन बंद पडेल."

"आणि बंद पडली तर?"

"उद्या पाचला होणार नाही."

त्या देवापुढे ताट मांडत होत्या. निरांजन लावून झालं, वाती सारख्या केल्या, मग दारात जाऊन उभ्या राहिल्या. लोक जिना चढून येतच होते.

"सगळ्यांनी भायर रवा. आज आरती गॅलरीत."

पुढचा माणूस थबकला. बाळा राणे, शेजारच्या खोलीतले. गळ्यात मृदंग. "काय झाला गे काकी? बाप्पाक गरम होता काय?"

"बाप्पाक नाय. मिलिंदाच्या मशिनीक."

"मशिनीक?"

"होय. तिका आरती आयकाक येता. भायरसून म्हणा."

"मगे आमी बाप्पाक बघूचा कसा?"

"वीस वरसा बघतास, तोंड काय बदलूक नाय तेचा."

लोक हसले, पण बाहेरच उभे राहिले. तेवढ्या गॅलरीत तीसेक माणसं एकामागे एक, जिन्यापर्यंत. ज्यांना मूर्ती दिसत नव्हती ते भिंतीकडे तोंड करून म्हणत होते. खोलीत मिलिंद ताट घेऊन, काकी घंटा घेऊन आणि मी. माझे हात जोडलेले होते आणि डोळे आकड्यावर. अठ्ठ्याऐंशी. कापूर पेटला, नव्वद. पाच आरत्या झाल्या, कुणी एकीचंही कडवं गाळलं नाही. एक्क्याण्णव. शेवटी जागच्या जागी फिरायचं असतं. गॅलरीची रुंदी अडीच फूट, त्यामुळे पाळीपाळीने फिरले. नव्वद. बाळा राण्यांनी प्रसाद दारातूनच घेतला आणि टेबलाखाली वाकून पाहिलं. "हेका पण घालूक होयो काय खोबऱ्याचो तुकडो?"

"हात लावू नको हां, बाळा," काकी म्हणाल्या.

मी निघालो तेव्हा आकडा अठ्ठ्याऐंशीवर होता. दुसऱ्या दिवशीच्या सकाळची आरतीही गॅलरीतच झाली, असं नंतर कळलं. पाचला आठ मिनिटं असताना मिलिंदचा फोन आला.

"गेलं, काका. पोहोचल्याचं उत्तरपण आलं."

"तापमान किती आहे?"

"बघितलं नाही."

गौरी-गणपतीचं विसर्जन झाल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी मी बोर्ड तपासायला गेलो. मला कुणी बोलवलं नव्हतं. पायऱ्या उतरवलेल्या होत्या, कॅबिनेट मोकळं उभं होतं. मी झाकण काढलं. वरच्या जाळीतून पाच दिवसांची पूजा आत गळली होती: अक्षता, जास्वंदीची वाळकी पाकळी, थोडं कुंकू. मागच्या पंख्याच्या कण्याला दूर्वांची एक काडी गुंडाळली गेली होती आणि पंखा ती घेऊनच फिरत राहिला होता. धातूच्या ठोकळ्याच्या दोन पात्यांमध्ये तांदळाचा दाणा भाजून तांबूस झाला होता. बोर्डाला काही झालेलं नव्हतं. मी ब्रशने सगळं काढलं. ते कागदावर गोळा करून केराच्या डब्याकडे निघालो, तर काकींनी कागद हातातून घेतला आणि खिडकीतल्या तुळशीच्या कुंडीत रिकामा केला.

मिलिंद फोनवर मेल वाचत होता. आर्किटेक्टच्या ऑफिसने एकोणीस बदल कळवले होते. गच्चीवरची झाडं वेगळी हवीत, लिफ्टमधला उजेड पिवळा नको, देवघराची खिडकी मोठी करावी.

"एवढ्यो चुको काढल्यानी?" काकींनी विचारलं. त्यांचा आवाज पहिल्यांदाच खाली आला होता.

"आई, जे नको असतं त्यात कोण चुका काढत बसत नाही. बाकीच्या दोघांना नुसतं थँक्यू आलंय." तो मेल पुन्हा पहिल्यापासून वाचायला लागला.

काकींनी टेबल पुसून घेतलं, दोनदा. मिलिंदने आणि मी कॅबिनेट उचलून वर ठेवलं. मी कीबोर्ड पुढे ओढला. आता हवा मोकळी होती, खिडकी शेजारी होती. मूळचा वाढवलेला वेग परत लावायला पाच मिनिटं पुरली असती.

"राहू दे, काका," मिलिंद म्हणाला. "आहे त्यावर चालतंय."

"हा बोर्ड याच्यापेक्षा जास्त देऊ शकतो."

"माहीत आहे."

मशीन आजही त्याच वेगावर आहे. मिलिंद वर्षभराच्या कामावर आहे, घरूनच. बोर्डाची उरलेली ताकद वापरात नाही. मला दर वेळी ते खटकतं. मिलिंदला विचारलं तर तो म्हणतो, मशीन बंद पडत नाही.